अमेरिकेतील मेडिकल स्कूलसाठी दुसऱ्यांदा अर्ज करताना नेमके काय बदलावे?

प्रश्न : अर्धविराम

सर्व सदस्यांना नमस्कार.

मी चौदा वर्षांची असताना आईबाबांबरोबर अमेरिकेत आले. आठवीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाल्यामुळे मनातली गोष्ट नीट मांडायची असली की मी अजूनही मराठीतच लिहिते. गेल्या वर्षी मे महिन्यात जीवशास्त्र घेऊन पदवी पूर्ण केली. आमच्याकडे ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे व्हिसाची अडचण नाही. त्याच उन्हाळ्यात मी ॲमकासमार्फत, म्हणजे एकच अर्ज अनेक शाळांना पाठवणाऱ्या सेवेमार्फत, २२ मेडिकल स्कूलना अर्ज केला. त्यांपैकी एकाच ठिकाणाहून जानेवारीत मुलाखतीचे बोलावणे आले आणि मागच्या आठवड्यात तिथूनही नकार आला. बाकीच्यांपैकी बहुतेकांनी मुलाखतीआधीच नाही म्हटले आणि काहींनी अद्याप काहीच कळवलेले नाही.

माझा एकूण जीपीए, म्हणजे पदवीच्या गुणांची सरासरी, ३.६८ असून विज्ञान आणि गणिताच्या विषयांचा वेगळा काढलेला जीपीए ३.५५ आहे. एमकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा एकदाच दिली, तिच्यात ५०८ गुण मिळाले. वाचन आणि आकलन तपासणाऱ्या कार्स विभागात १२४, बाकीच्या तीन विभागांत १२७ ते १२९. प्रयोगशाळेत दोन वर्षे मिळून सुमारे ९०० तास संशोधन केले. रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून १५० तास झाले आणि डॉक्टरांबरोबर राहून त्यांचे काम पाहणे, म्हणजे शॅडोइंग, ६० तास झाले. त्यांतले ४० तास भारतात मामाच्या दवाखान्यातले आहेत. अर्ज भरायला मे महिन्यातच बसले होते, पण निबंध मनासारखा उतरेना, आणि प्रत्यक्ष अर्ज पाठवायला ऑगस्टचा शेवटचा आठवडा उजाडला.

आता मार्च संपत आला आहे आणि पुढच्या फेरीचा अर्ज मे महिन्यात उघडेल. आईचे म्हणणे असे की वर्ष वाया न घालवता लगेच पुन्हा अर्ज करावा. बाबांचे एक स्नेही कॅरिबियन बेटांवरच्या मेडिकल स्कूलचा आग्रह धरत आहेत. कॉलेजातल्या सल्लागार बाईंनी एक वर्षाच्या मास्टर्सचे माहितीपत्रक हातात ठेवले. मला मात्र आधी हे समजून घ्यायचे आहे की माझा अर्ज नेमका कुठे कमी पडला. एमकॅट पुन्हा द्यावी का, मास्टर्सचा उपयोग होईल का, आणि याच मे महिन्यात अर्ज करावा की एक वर्ष थांबावे, या तीन गोष्टींबद्दल अनुभवी मंडळींनी स्पष्ट मत दिले तर मी आभारी राहीन. कटू असले तरी चालेल.

प्रतिसाद : नाडीपरीक्षा

मी अंतर्गत वैद्यकशास्त्राचा डॉक्टर आहे आणि एका मेडिकल स्कूलच्या निवड समितीवर सहा वर्षे काम केले आहे. माझी मुलगी तुझ्याच वयाची असल्यामुळे तुला 'तू' म्हणतो.

सर्वात आधी एक गोष्ट मनात पक्की कर. २०२३-२४ च्या फेरीत एमडी (इथे ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी) अभ्यासक्रमांसाठी ५२,५७७ जणांनी अर्ज केले होते आणि त्यांपैकी २२,९८१ जणांनी प्रवेश घेतला. म्हणजे निम्म्याहून अधिक अर्जदार रिकाम्या हाताने परतले, आणि त्यांत चांगले डॉक्टर होऊ शकतील अशी कितीतरी मुले होती. प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ३.७७ आणि सरासरी एमकॅट ५११.७ होती. तू या सरासरीच्या खाली आहेस, पण फार खाली नाहीस. केवळ आकड्यांमुळे २१ ठिकाणी दार उघडले नाही, असे मला वाटत नाही.

पुन्हा अर्ज करणाऱ्याने आधी हे पाहावे की गाडी कोणत्या स्थानकावर अडली. चारपाच मुलाखती होऊन सगळीकडून नकार आला असता, तर मी तुला बोलण्याचा सराव करायला सांगितले असते. तुला एकच मुलाखत आली, याचा अर्थ तुझा कागदावरचा अर्ज, तो पोहोचण्याची वेळ आणि शाळांची निवड या तिन्हींत शोध घ्यायला हवा. त्या एका मुलाखतीवरून मी कोणताच निष्कर्ष काढणार नाही. मात्र त्या शाळेला एक नम्र पत्र लिहून अर्जाबद्दल अभिप्राय मिळेल का, हे विचार. काही शाळा फेरी आटोपल्यावर नाकारलेल्या उमेदवारांशी थोडा वेळ बोलतात. सगळ्याच बोलत नाहीत, पण विचारण्यात काही कमीपणा नाही.

आता वेळेबद्दल. बहुतेक शाळांत अर्ज जसजसे पूर्ण होतात तसतसे वाचले जातात आणि मुलाखतीची बोलावणीही त्याच क्रमाने जातात. ॲमकासचा अर्ज मेच्या सुरुवातीला उघडतो, मेच्या अखेरीस किंवा जूनच्या आरंभी पाठवता येतो, आणि पडताळणी झालेले पहिले अर्ज जूनच्या अखेरीस शाळांकडे जातात. तू ऑगस्टच्या शेवटी पाठवलास. पडताळणीला काही आठवडे गेले, मग सेकंडरी, म्हणजे प्रत्येक शाळेचे स्वतःचे दुसऱ्या टप्प्याचे अर्ज आले, त्यांचे निबंध लिहून होईपर्यंत ऑक्टोबर उजाडला असणार. ऑक्टोबरच्या मध्यापासून शाळा प्रवेश देऊ लागतात. आमच्या समितीपुढे ऑक्टोबरअखेरचे अर्ज येत, तेव्हा मुलाखतीच्या उरलेल्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या असत आणि सप्टेंबरमध्ये ज्याला आम्ही आनंदाने बोलावले असते, त्याच अर्जाकडे आम्ही अधिक कठोर नजरेने पाहत असू. हे न्याय्य आहे का, यावर मी समितीत वाद घातला आहे. पण व्यवहार तसाच चालतो.

तरीही 'उशीर झाला म्हणून नकार आला' असे म्हणून तू सुटका करून घेऊ नयेस, कारण मला खरी उणीव दुसरीकडे दिसते. संशोधनाचे ९०० तास आणि रुग्णांजवळचे १५० तास शेजारी ठेवून पाहिले की कोणीही विचारील, या मुलीला शास्त्रज्ञ व्हायचे आहे की डॉक्टर? मामांच्या दवाखान्यातले ४० तास तुझ्यासाठी मोलाचे असतील. पण नातेवाइकाबरोबरचे आणि दुसऱ्या देशातल्या व्यवस्थेतले शॅडोइंग समिती हलक्या हातानेच धरते. मग उरतात २० तास.

ॲमकासमध्ये कामांच्या १५ नोंदी करता येतात. प्रत्येकीला ७०० अक्षरे मिळतात, आणि त्यांतल्या तीन 'सर्वात अर्थपूर्ण' म्हणून निवडल्या तर त्यांना आणखी १,३२५ अक्षरे. रुग्णालयातल्या सेवेच्या शेकडो नोंदी मी वाचल्या असतील आणि त्यांतल्या बहुतेकींत एकच वाक्य असे: रुग्णांना चाकाच्या खुर्चीतून नेले, चादरी पोहोचवल्या, रुग्णांशी संवाद साधला. यातून मला फक्त एवढेच कळते की मुलगा रुग्णालयात जात होता. याउलट एका नोंदीत लिहिले होते की शस्त्रक्रियेसाठी नेताना एका बाईंनी चष्मा काढायला नकार दिला, कारण चष्म्याशिवाय त्यांना समोरच्याचे ओठ दिसत नसत आणि ऐकू कमी येत असल्याने त्यांची सारी भिस्त ओठांवरच होती. त्या मुलाने ही गोष्ट परिचारिकेला सांगितली आणि भूल देण्याच्या क्षणापर्यंत चष्मा बाईंच्या डोळ्यांवर राहिला. मोजून पाच ओळी होत्या. तो मुलगा पाहतो, ऐकतो आणि योग्य माणसापर्यंत गोष्ट पोहोचवतो, हे मला तेवढ्यात कळले. आम्ही त्याला बोलावले.

तुझ्या तिन्ही प्रश्नांवर माझे मत सांगतो. मास्टर्सची तुला गरज नाही. मास्टर्सचे गुण ॲमकास वेगळे दाखवते, ते पदवीच्या जीपीएत मिसळत नाहीत; त्यामुळे तिथे सगळीकडे ४.० मिळवलेस तरी तुझा ३.६८ तसाच राहील. त्यासाठी एवढा खर्च आणि एवढे कष्ट कशाला? ज्याचा जीपीए तीनच्या आसपास आहे त्याच्यासाठी तो मार्ग आहे, आणि तिथेही गुण घसरले तर आधीपेक्षा वाईट अवस्था होते. एमकॅट पुन्हा द्यावीस, पण तयारी झाल्यावरच. आणि या मे महिन्यात अर्ज करू नकोस. अनेक शाळा सेकंडरीमध्ये सरळ विचारतात की मागच्या अर्जानंतर तुमच्यात काय बदलले. आज तुझ्याकडे या प्रश्नाचे उत्तर नाही. काही शाळा एका उमेदवाराला किती वेळा अर्ज करता येईल यावर मर्यादा घालतात, तेव्हा एक संधी घाईत खर्ची घालणे मला पटत नाही.

शिफारसपत्रांचीही आठवण ठेव. ॲमकासमधली पत्रे पुढच्या वर्षी आपोआप जात नाहीत, ती नव्याने मागवावी लागतात. प्राध्यापकांना भेटून, मधल्या काळात काय केले ते सांगून, नवीन तारखेचे आणि नव्या मजकुराचे पत्र माग.

प्रतिसाद : रात्रपाळी

नाडीपरीक्षा सरांशी मी पूर्णपणे सहमत आहे, आणि ज्या वाटेवर तू उभी आहेस ती मी चालून आले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. मला पहिल्या फेरीत एकही मुलाखत आली नव्हती. त्या वेळी मला एका सल्लागाराने सांगितले होते की तास मोजून शंभर झाले की पुरेसे असतात, आणि मी त्यावर विसंबून राहिले. आज मी मेडिकल स्कूलच्या तिसऱ्या वर्षाला आहे.

नकारानंतर मी काही आठवड्यांचा अभ्यासक्रम करून आणि राज्याची परीक्षा देऊन नर्सिंग असिस्टंटचे प्रमाणपत्र घेतले आणि एका वृद्धाश्रमवजा शुश्रूषागृहात रात्रपाळीला लागले. काम म्हणजे अंग पुसणे, कूस बदलणे, डायपर बदलणे, पाणी पाजणे. पहिले दोन आठवडे मी घरी येऊन रडत असे. तिथे एक आजोबा होते, जे स्वतः कूस बदलू शकत नसत. एका रात्री दोनच्या सुमारास मोजे काढताना त्यांची टाच लाल दिसली. मी बोटाने दाबून पाहिले. नेहमी दाबल्यावर कातडी क्षणभर पांढरी पडते, तशी ती पडली नाही. मी नर्सला उठवायला गेले तेव्हा मनात भीती होती की एवढ्याशा गोष्टीसाठी बोलावले म्हणून ती रागावेल. ती आली, तिने पाहिले आणि पोटरीखाली उशी अशी सरकवली की टाच गादीला न टेकता अधांतरी राहिली. मग मला म्हणाली की दाबजखमेची सुरुवात अशीच होते, आणि इथे लक्ष गेले नाही तर पुढे हाडापर्यंत जाते. त्यानंतर सहा महिने मी प्रत्येक पाळीत प्रत्येकाच्या टाचा पाहिल्या.

दुसऱ्या फेरीत ज्या तीन मुलाखती झाल्या, त्या तिन्हींत मला या टाचेबद्दल विचारले गेले. डॉक्टरकीबद्दलच्या माझ्या मोठमोठ्या विचारांबद्दल एकानेही विचारले नाही.

असे पगारी काम निवडताना प्रतिष्ठा पाहू नकोस. डॉक्टरांच्या टिपणी लिहून घेणारा स्क्राइब डॉक्टर कसा विचार करतो हे जवळून पाहतो. रुग्णवाहिकेवरचा ईएमटी पहिल्या दहा मिनिटांची धावपळ शिकतो. मेडिकल असिस्टंटला दवाखान्याचा सगळा व्यवहार कळतो. माझ्या मते ज्या कामात रुग्णाला तुझा हात लागतो आणि तोच रुग्ण तुला पुन्हापुन्हा भेटतो, ते काम सर्वात जास्त शिकवते. पण हे माझ्या अनुभवावरून आलेले मत आहे.

आता कार्सबद्दल, कारण १२४ हा आकडा पाहून मला माझेच दिवस आठवले. माझे १२३ होते. ९० मिनिटांत ९ उतारे आणि ५३ प्रश्न, म्हणजे एका उताऱ्याला फार तर दहा मिनिटे. माझीही पहिली भाषा मराठी. मी बरीच वर्षे असे समजत होते की माझे इंग्रजी शब्दभांडार कमी पडते. चुकलेले प्रश्न एका वहीत उतरवून काढले तेव्हा लक्षात आले की शब्द अडत नव्हते. लेखकाने जे म्हटले नाही ते मी स्वतःच्या माहितीतून भरत होते, आणि विज्ञानाच्या विभागांत हीच सवय मला गुण देत होती. मग चार महिने रोज दोन उतारे, घड्याळ लावून, आणि प्रत्येक उताऱ्यानंतर एका वाक्यात 'या माणसाचे म्हणणे काय, आणि तो कोणाशी वाद घालतो आहे' एवढेच लिहायचे. हे वाक्य मी मराठीत लिहीत असे. दुसऱ्या वेळी १२७ मिळाले. सरावपरीक्षा एएएमसीच्याच, म्हणजे एमकॅट घेणाऱ्या संस्थेच्याच, वापर. इतर कंपन्यांचे कार्सचे उतारे मला वेगळ्याच धाटणीचे वाटले.

परीक्षा एका वर्षात ३ वेळा, लागोपाठच्या दोन वर्षांत मिळून ४ वेळा आणि आयुष्यात ७ वेळाच देता येते, आणि अर्ध्यात रद्द केलेली किंवा नाव नोंदवून न दिलेली परीक्षाही त्यात मोजली जाते. म्हणून सरावपरीक्षांत सलग हवे तसे गुण दिसल्याशिवाय बसू नकोस. ५०८ वरून पुन्हा ५०८ आले, तर समितीला वाटते की हीच हिची मर्यादा.

प्रतिसाद : पालक_न्यूजर्सी

माझ्या मुलाने दोनदा अर्ज केला होता, त्यामुळे शाळांच्या यादीबद्दल आणि खर्चाबद्दल लिहितो.

तुम्ही २२ शाळा कशा निवडल्या हे लिहिलेले नाही. आमची पहिली यादी नावाजलेल्या विद्यापीठांवरून तयार झाली होती आणि ती चूक होती. एएएमसीच्या एमएसएआर या माहितीसंचात प्रत्येक शाळेचा मध्यम जीपीए आणि एमकॅट तर मिळतेच, शिवाय राज्यातल्या आणि राज्याबाहेरच्या किती अर्जदारांना मुलाखती मिळाल्या हेही दिसते. बाहेरच्या राज्यांतल्या काही सरकारी शाळांचे ते आकडे पाहिल्यावर आम्ही त्या शाळा तत्काळ खोडल्या. टेक्साससारख्या राज्यात सरकारी शाळांतल्या ९० टक्के जागा राज्यातल्या रहिवाशांसाठी आहेत. तिथे बाहेरून अर्ज करणे म्हणजे शुल्काची देणगीच. तुमच्या स्वतःच्या राज्यातली प्रत्येक सरकारी शाळा मात्र यादीत असलीच पाहिजे.

डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथिक वैद्यकाची पदवी देणाऱ्या, शाळांचा तुम्ही उल्लेखच केलेला नाही. आपल्या मंडळींत अजूनही त्याबद्दल कुजबुज चालते, पण जुलै २०२० पासून एमडी आणि डीओ पदवीधरांच्या रेसिडेन्सीची, म्हणजे पदवीनंतरच्या प्रशिक्षणाची, मान्यताव्यवस्था एकच झाली आहे. रेसिडेन्सीच्या जागा वाटणाऱ्या २०२४ च्या मॅचमध्ये एमडीच्या शेवटच्या वर्षातल्या ९३.५ टक्के आणि डीओच्या ९२.३ टक्के विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षाची जागा मिळाली. परदेशी मेडिकल स्कूलमधून शिकून आलेल्या अमेरिकन नागरिकांचे प्रमाण त्याच वर्षी ६७ टक्के होते, आणि तेही जे शेवटपर्यंत टिकून मॅचपर्यंत पोहोचले त्यांचेच. तुमच्या वडिलांच्या स्नेह्यांना हे आकडे अवश्य दाखवावेत. तुमच्या गुणांवर डीओचे दार चांगले उघडे असताना कॅरिबियनचा विचार आत्ता करू नये.

घरचे उत्पन्न मर्यादित असेल तर एएएमसीची शुल्कसवलत योजना पाहा. तिच्यात एमकॅटचे शुल्क कमी होते आणि २० शाळांपर्यंत ॲमकासचे शुल्क माफ होते, पण ती सवलत आधी मंजूर करून घ्यावी लागते. भरलेले पैसे मागाहून परत मिळत नाहीत. आम्हाला हे उशिरा कळले.

प्रतिसाद : सरळरेषा

वरच्या मंडळींचा आदर राखून मी थोडे वेगळे मत मांडते. एक पूर्ण वर्ष थांबणे म्हणजे प्रत्यक्षात प्रवेश दोन वर्षांनी. एमकॅट मे महिन्यात देऊन जूनच्या पहिल्या आठवड्यात अर्ज पाठवला आणि आत्तापासून रुग्णालयात काम सुरू केले, तर ॲमकासमध्ये पुढे होणारे तासही वेगळे दाखवता येतात. वेळेवर अर्ज आणि चांगली यादी एवढ्यानेच निकाल बदलल्याची उदाहरणे माझ्या माहितीत आहेत. घरच्या परिस्थितीमुळे सगळ्यांना थांबणे परवडत नाही, हाही विचार व्हावा.

प्रतिसाद : नाडीपरीक्षा

सरळरेषा यांचा शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. ज्याच्या अर्जात केवळ उशिराचा दोष आहे, त्याने जूनमध्ये पुन्हा पाठवावा. मीही तेच सांगितले असते. पण इथे मार्चच्या अखेरीपासून मेच्या परीक्षेपर्यंत जेमतेम सहासात आठवडे आहेत, त्यात कार्स सुधारायचे, नवी नोकरी शोधायची, ती करायची आणि निबंधही नव्याने लिहायचा. नव्या नोकरीच्या पुढे होणाऱ्या तासांच्या रकान्यात १,००० लिहिले तरी वाचणाऱ्याला झालेल्या तासांच्या रकान्यातले जेमतेम ४० दिसतातच. आणि त्या ४० तासांवर निबंध उभा राहत नाही.

अर्धविराम, निबंधाची सुरुवात कशी होती ते इथे देशील का?

प्रतिसाद : अर्धविराम

सर्वांचे मनापासून आभार. सर, रात्रपाळीताई आणि पालक काका, तुमचे प्रतिसाद मी आईबाबांना मोठ्याने वाचून दाखवले. मॅचचे आकडे ऐकल्यावर कॅरिबियनचा विषय त्याच संध्याकाळी संपला. सरळरेषा यांचे म्हणणे मी दोन दिवस मनात घोळवले, कारण मला स्वतःलाही लगेचच अर्ज करायचा होता. पण 'मागच्या अर्जानंतर काय बदलले' या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहायला बसले आणि तीन ओळींच्या पुढे जाता आले नाही. मी यंदा अर्ज करणार नाही.

माझा निबंध असा सुरू होत होता: 'आजीला हृदयविकाराचा झटका आला तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आणि त्या दिवशी मी डॉक्टर व्हायचे ठरवले.' त्यानंतर ५,३०० अक्षरांच्या मर्यादेतले जवळजवळ अर्धे आजीवर आणि उरलेले संशोधनावर गेले होते.

सरांनी चष्म्याची गोष्ट सांगितल्यापासून मी रुग्णालयातले दिवस आठवते आहे. एक प्रसंग मी अर्जात लिहिलाच नव्हता, कारण त्यात मी काहीच केले नव्हते असे मला वाटत होते. साताऱ्याकडच्या एक आजी दाखल झाल्या होत्या, मुलगा घरी गेला होता आणि त्यांना इंग्रजी येत नव्हते. मी नर्सला म्हटले की मला मराठी येते. ती म्हणाली की रुग्णालयाच्या नियमाप्रमाणे वैद्यकीय दुभाषाच हवा, तुला फक्त सोबत बसता येईल. फोनवर दुभाषा मिळायला अर्धा तास लागला. तो हिंदीचा होता. आजी म्हणाल्या, 'छातीत कळ येत नाही गं, नुसतं भरून आल्यासारखं होतंय.' हिंदीतून इंग्रजीत जाता जाता त्याचे 'त्यांना भावनिक वाटते आहे' असे झाले. मी आजींचा हात धरून बसले होते. नियम मोडायचा नाही हे मला कळत होते आणि अर्थ बदलला हेही कळत होते. मी नर्सला एवढेच म्हटले की मराठीत हेच शब्द छाती जड झाल्यासाठीही वापरतात, तेव्हा हे पुन्हा विचाराल का? तिने पुन्हा विचारायला लावले, आणि मग ईसीजी काढला. पुढे काय झाले ते मला कळले नाही; माझी पाळी संपली होती.

हा प्रसंग लिहिण्यासारखा आहे का?

प्रतिसाद : नाडीपरीक्षा

हाच लिही. आणि पुढे काय झाले ते कळले नाही, हेही तसेच राहू दे. आजींना तू वाचवलेस असे वाचणाऱ्याला वाटेल अशी एकही ओळ घालू नकोस. आजींचे गाव, वय आणि बाकीचे तपशील रुग्णाची ओळख पटणार नाही इतपतच ठेव. तुझ्या स्वतःच्या आजीला निबंधातून काढून टाकायची गरज नाही. पण ती दुसऱ्या परिच्छेदात दोन वाक्यांत येऊ दे, कारण या आजींचे शब्द तुला का कळले त्याचे उत्तर तिच्यात आहे.

आणखी एक सुचवतो. राष्ट्रीय पातळीवर वैद्यकीय दुभाषाचे प्रमाणपत्र हवे असेल तर किमान ४० तासांचे प्रशिक्षण लागते. मराठीसाठी त्या प्रमाणपत्राची तोंडी परीक्षा नाही, तरी हे प्रशिक्षण तू करू शकतेस, आणि अनेक रुग्णालये त्याच्या आधारे आपली अंतर्गत भाषापरीक्षा घेऊन दुभाषे नेमतात. त्या दिवशी जे करायची तुला परवानगी नव्हती ते पुढच्या वर्षी तू रीतसर करत असशील, तर सेकंडरीतल्या त्या प्रश्नाला तीन ओळींहून मोठे उत्तर मिळेल.

प्रतिसाद : अर्धविराम

सर, सायंकाळच्या वर्गात जागा मिळाली आहे. १४ एप्रिलपासून आठवड्यातून दोन दिवस. पहिल्या पाठासाठी शरीराच्या अवयवांची आणि दुखण्याच्या प्रकारांची दोन्ही भाषांतली यादी करून आणायला सांगितले आहे. कळ, ठणका, चमक, टोचणे, जळजळ, भरून येणे, मुंग्या येणे, एवढे लिहून झाले आहे. 'उसण'साठी इंग्रजीत एकच शब्द सापडत नाही; रात्रपाळीताई, तुम्ही वॉर्डात काय म्हणता?